मदत हवी आहे: व्हेपमधल्या (ई-सिगारेटमधल्या) स्वादांचा फुफ्फुसांवर नेमका काय परिणाम होतो?

माझा धाकटा भाऊ सिगारेट सोडून व्हेपकडे वळलाय. दालचिनीचा स्वाद त्याच्या विशेष आवडीचा. "हेच स्वाद खाण्यात चालतात, मग वाफेत काय बिघडलं?" असं तो विचारतो. मला ते पटत नाही. पोटाला चालतं ते फुफ्फुसाला मानवेलच असं कुठे आहे? लोण्याचा स्वाद देणारं डायअ‍ॅसिटिल खाण्यात चालतं. पण अमेरिकेत मिसूरीतल्या पॉपकॉर्न कारखान्यातले कामगार त्याच्या वाफेत काम करायचे, आणि २००० साली त्यांच्यात बारीक श्वासनलिकांचा कायमचा आजार उघडकीला आला. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड श्वसनमार्गातल्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावतं, हे प्रयोगशाळेत दिसलंय. शिवाय व्हॅनिलाचा स्वाद देणाऱ्या व्हॅनिलिनसारखी अल्डिहाइड गटातली रसायनं व्हेपच्या द्रवाच्या बाटलीतच प्रॉपिलीन ग्लायकॉल या द्रावकाशी (स्वाद ज्यात विरघळवतात त्या द्रवाशी) संयोग पावून अ‍ॅसिटाल नावाची नवी संयुगं बनवतात, म्हणजे मुळात न घातलेलं रसायनही छातीत जातं.

"सोडून दे" एवढ्यावर तो ऐकणार नाही, त्याला पक्कं कारण लागतं. म्हणून विचारते: निकोटीन, द्रावक आणि स्वाद यांचा परिणाम वेगवेगळा कसा मोजतात? बिनस्वादाची आणि स्वादाची वाफ एकाच तापमानाला तपासलेला अभ्यास कुणी वाचलाय का? आणि पेशींवरचे निष्कर्ष माणसाला कितपत लागू धरायचे? विषशास्त्र किंवा श्वसनविकार शिकलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.