मॅग्नेशियमचा पत्रा बेळगावात दाबावा की नाही?

उद्यमबागकर
"मॅग्नेशियम ठिसूळ, त्याच्या नादाला लागू नका," हे उद्यमबागेत, म्हणजे आपल्या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, फार ऐकलं. मला ते पटत नाही. हा धातू थंड दाबला तरच ठिसूळ वागतो.

त्याचे स्फटिक षट्कोनी असतात. साध्या तापमानाला अणूंचे थर प्रामुख्याने एकाच पातळीवर सहज सरकतात. पत्रा रोल करताना बहुतेक स्फटिकांची ही पातळी पत्र्याला समांतर बसते. मग ताण दिला की पत्रा जाडीत बारीक होऊ शकत नाही. तुटण्याआधी स्टीलसारखी मान न पडता (एका जागी बारीक न होता) तो तिरका तडकतो. २०० ते २५० अंश सेल्सिअसला सरकण्याच्या इतर वाटा खुल्या होतात. एझेड३१ या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा पत्रा थंड वाकवायचा तर जाडीच्या पाच-सहा पट त्रिज्या लागते, गरम असेल तर साधारण दुपटीत काम होतं. कपासारखा खोल ड्रॉही (पत्रा साच्यात ओढून केलेला आकार) मग निघतो.

ओतकाम, हायड्रॉलिक्स, डाय म्हणजे साचे करणारे हात, सगळं इथंच आहे. जवळच हत्तरगीला विमानाचे भाग बनतात. मग तापत्या डायचं काम आपण का शिकू नये?

मच्छे_प्रेसशॉप
तुम्ही जे सांगूलालाय ते पुस्तकात बरोबर आहे. प्रेसवर उभं राहून बघा की. डायमध्ये हीटर, तापमान मोजायला थर्मोकपल, प्रेसच्या बेडला उष्णता जाऊ नये म्हणून इन्सुलेशन. डाय तापून फुगते, म्हणजे क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) गरम मापावर काढायचा. साधं तेल जळतं, ग्रॅफाइट लावलं तर नंतर घासून काढत बसा. स्ट्रोक हळू मारावा लागतो. जॉबवर्कचा दर मात्र नगावर मिळतो, तासावर नाही!

शिवाय ताठपणा बघा: स्टील २१० गिगापास्कल, ॲल्युमिनियम ७०, मॅग्नेशियम ४५. वाचलेलं वजन जाडी वाढवण्यातच जाणार.

उद्यमबागकर
दराचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. ताठपणाचा मुद्दा मात्र चुकतोय. सपाट पत्र्याचा वाकण्यातला ताठपणा जाडीच्या घनावर चालतो. ॲल्युमिनियमइतका ताठपणा हवा तर मॅग्नेशियमचा पत्रा सुमारे १६ टक्के जाड घ्यावा लागतो. घनता २.७० विरुद्ध १.७४. हिशेब केला तर भाग तरीही पाव वजनाने हलका निघतो.

आणि सगळंच तापवायचं नसतं. डाय आणि ब्लँक होल्डर (पत्र्याची कड धरून ठेवणारी कडी) गरम, आत ढकलणारा पंच थोडा थंड ठेवला तर कपाची भिंत मजबूत राहते आणि फ्लँज, म्हणजे बाहेरची कड, मऊ. ड्रॉ आणखी खोल जातो.

खानापूर_क्यूए
फॉर्मिंग जमलं तरी भाग वापरात कसा तुटतो हे कोणी विचारत नाही, म्हणून लिहितोय. रोल केलेला किंवा एक्स्ट्रूड केलेला (साच्यातून ढकलून काढलेला) मॅग्नेशियम कायमचा आकार बदलायच्या आधी ताणल्यावर जेवढा भार घेतो, त्यापेक्षा बराच कमी चेपल्यावर घेतो, कारण चेपताना स्फटिक जुळे होऊन (त्यांचा काही भाग आरशातल्या प्रतिमेसारखा फिरून) वळतात. ॲल्युमिनियमची नळी टोकाकडून चेपली तर घड्या पडत जातात आणि धक्का शोषला जातो. एझेड३१ ची नळी थोडी चेपते आणि मग तुकडे उडतात. नुसत्या टेन्साइल रिपोर्टवर (ताणून केलेल्या चाचणीवर) भाग पास करणं मला मान्य नाही. गाडीच्या पुढच्या धक्का खाणाऱ्या भागात हा पत्रा कोणी घालायला निघालं तर मी सही करणार नाही.

निपाणीचा_वेल्डर
स्टिअरिंगचा सांगाडा मॅग्नेशियमचाच असतो ना हो? मग तो कसा चालतो?

खानापूर_क्यूए
तो एएम६० या मिश्रधातूचा, डाय कास्टिंगचा, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून केलेला. त्यात ॲल्युमिनियम सुमारे ६ टक्के. एझेड९१ या दुसऱ्या मिश्रधातूत ९ टक्के असतं, ओतायला सोपं, पण कणांच्या कडेला ठिसूळ संयुग जास्त साठतं आणि लांबणं कमी होतं. म्हणून तिथं एएम६० घेतात. माझं मत विचाराल तर बेळगावनं पत्र्याच्या आधी हे डाय कास्टिंग शिकावं.

मच्छे_प्रेसशॉप
याला मात्र माझा पाठिंबा नाही. वितळलेलं मॅग्नेशियम हवेत पेट घेतं, भट्टीवर संरक्षक वायू सतत हवा. पत्रा २५० अंशाला पेटत नाही. धोका आहे तो बारीक कीस आणि धुळीचा. आपल्याकडे एकाच ग्राइंडरवर लोखंडही घासतात आणि मिळेल ते घासतात. त्या ठिणग्या मॅग्नेशियमच्या धुळीत पडल्या आणि कोणी घाबरून बादलीभर पाणी ओतलं, तर हायड्रोजन सुटून आग भडकते. कोरडी वाळू आणि धातूच्या आगीची पावडर शेडमध्ये असल्याशिवाय कोणीही सुरुवात करू नये.

उद्यमबागकर
मान्य, ग्राइंडर वेगळा आणि कीस कोरड्या झाकणाच्या डब्यात, हे आधी. कास्टिंगला मात्र मोठी भट्टी आणि मोठी ऑर्डर लागते, पत्र्याला असलेली हायड्रॉलिक प्रेस चालते. मी धक्का न खाणाऱ्या भागांबद्दलच बोलतोय: कव्हर, सीटच्या मागचं पॅनेल, इलेक्ट्रॉनिक्सचे डबे. १ मिमी एझेड३१ वर एक साधा गोल कप, १५० पासून २५० अंशांपर्यंत पायरीपायरीने काढून बघायचा आहे. डाय मी करतो. ज्यांच्या प्रेसवर स्ट्रोकचा वेग कमी करता येतो, त्यांनी इथंच लिहा.


मच्छे_प्रेसशॉप
वेग कमी होतो आमच्याकडे. पण हीटरचा खर्च तुमचा, आणि वाळूची बादली आधी येऊ दे.