प्राध्यापकांची संघटना नेमकी कोणाची?

तासिकावाला (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या गेटवर संघटनेची सभा झाली. काळ्या फिती वाटल्या, मलाही एक मिळाली. शेजारी उभे असलेले विभागप्रमुख हळूच म्हणाले, "तुम्ही नका बांधू, उगाच पुढच्या वर्षी अडचण व्हायची." फीत खिशात घातली आणि वर्गावर गेलो. माझा तास बुडला की माझे पैसे बुडतात, त्यांचे बुडत नाहीत.

सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, माझं हे नववं वर्ष. सेट, म्हणजे राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा, झालीय, पीएचडी झालीय. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सांगितला, तेव्हा आम्हाला तासाला ५०० मिळत होते. आठवड्याला नऊ तास धरून महिन्याचे १८,०००, तेही कॉलेज चालू असेल तेव्हाच. दिवाळी आणि उन्हाळा बिनपगारी. पुढे दर वाढला, पण बिल निघायला लागणारा वेळ तेवढाच राहिला.

आता २०१३ आठवा. एमफुक्टोने, म्हणजे राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाने, ४ फेब्रुवारी ते १० मे परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला. मुख्य मागण्या दोन: सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी, आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट (नेट ही देशपातळीवरची तशीच परीक्षा) प्राध्यापकांना संरक्षण. मी तेव्हा सेटचा अभ्यास करत होतो. म्हणजे ज्या परीक्षेसाठी मी रात्री जागत होतो, तिच्यातून सूट मिळावी म्हणून माझे सर लढत होते! तरी माझी सहानुभूती त्यांच्याकडेच होती. माझा प्रश्न एवढाच आहे, की सगळ्यात कमी पगाराचा माणूस यांच्या मागणीपत्रात नेहमी शेवटच्या पानावर का?

सावनी_के

शेवटच्या पानावर का होईना, तुम्ही आहात तरी. आम्ही विद्यार्थी कुठल्या पानावर?

२०१३ ला मी टी.वाय.ला होते. निकाल लांबला आणि परराज्यातल्या एका कोर्सचा प्रवेश हातचा गेला. वर्ष घरी बसून काढलं. गिरणी कामगाराने संप केला की मालकाचं सूत थांबतं. प्राध्यापकाने केला तर सरकारचं काय थांबतं? काहीच नाही, उलट पगाराचे पैसे वाचतात. थांबतो तो विद्यार्थी. त्यामुळे पूर्ण पगार घेणाऱ्यांच्या या चळवळीला "कामगार चळवळ" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वऱ्हाडी_मास्तर

सावनीताई, तुमचं वर्ष गेलं त्याचं वाईट वाटतं, आणि हे मी वरवरचं म्हणत नाही. पण "पूर्ण पगार" हा शब्द वाचून हसू आलं. तो पूर्ण कसा झाला ते ऐका.

मी नोकरीला लागलो तेव्हा संस्थेत सही एका आकड्यावर करायची आणि पाकिटातून दुसराच आकडा घ्यायचा. संस्थाचालकाच्या घरी लग्न असलं की पंगतीत वाढायला प्राध्यापक. वरून दोन वर्षं कन्फर्मेशनचं पत्र नाही. हे थांबलं ते संघटनेमुळे. १९८७ साली देशभर संप झाला तेव्हा कुठे यूजीसीची नवी वेतनश्रेणी पदरात पडली. आमचे नेते आणि आमदार बी. टी. देशमुख सर विधान परिषदेत नियमावर बोट ठेवून प्रश्न विचारायचे आणि आम्ही नुटाचं (नागपूर विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या संघटनेचं) बुलेटिन पोथीसारखं वाचायचो. जीआर वाचायला आम्ही तिथे शिकलो.

तासिकावाले सर, तुमचा २०१३ चा हिशोब बरोबर आहे, पण २०१८ सोयीस्करपणे विसरलात. २५ सप्टेंबर २०१८ पासूनच्या बेमुदत संपात रिक्त जागा भरा आणि सीएचबीचं मानधन वाढवा या मागण्या होत्या की नाही? नोव्हेंबरात ३,५८० पदांना मंजुरी आली आणि त्याच महिन्यात तो तुमचा ५०० चा दर आला. आपोआप आला का?

तासिकावाला

सर, त्या संपात २०१३ च्या ७१ दिवसांचा कापलेला पगार परत द्या हीसुद्धा मागणी होती. सभेत टाळ्या कशाला पडत होत्या ते मी मागच्या रांगेतून ऐकलंय.

आणि त्या ३,५८० चं पुढे काय झालं? १,४९२ भरली. मे २०२० मध्ये करोनाचं कारण देऊन भरती थांबली. उरलेल्या २,०८८ ला पुन्हा मंजुरी यायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. त्या दीड वर्षात संघटनेचं बेमुदत काही झालं नाही. भरतीचा "दर" काय चालतो हे तर इथे लिहीतही नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर कुठल्या संघटनेने गेट अडवलेलं मी पाहिलं नाही.

कलम_कायदा

अवांतर वाटेल, पण सावनी यांच्या "कामगार" शब्दावरून.

सर्वोच्च न्यायालय साधारण त्यांच्याच बाजूचं आहे. गोव्यातल्या एका शाळेतल्या शिक्षिकेची नोकरी १९७५ मध्ये गेली. तो वाद गोवा सरकारने औद्योगिक न्यायाधिकरणाकडे पाठवायला नकार दिला. १९८८ मध्ये न्यायालय म्हणालं: शिक्षणसंस्था हा उद्योग आहे खरा, पण शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला "वर्कमन" नाही. म्हणजे त्याच इमारतीतला क्लार्क कामगार, आणि शिकवणारा मात्र नाही. २००४ मध्ये ग्रॅच्युइटीच्या बाबतीतही असंच झालं. शेवटी संसदेने २००९ मध्ये कायदा बदलला आणि ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना हक्क दिला.

"पवित्र पेशा" म्हणून कौतुक झालं, की हक्काचं कलम गळालंच समजा.

सावनी_के

माहिती चांगली आहे. पण कायदा दुबळा म्हणून त्याची वसुली माझ्या उत्तरपत्रिकेतून का?

जर्सीकर

आमच्याकडचं एक उदाहरण. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो, रटगर्स विद्यापीठ हाकेच्या अंतरावर. एप्रिल २०२३ मध्ये तिथे संप झाला, विद्यापीठाच्या २५७ वर्षांतला प्राध्यापकांचा पहिला. तीन संघटना एकत्र उतरल्या: पूर्णवेळ प्राध्यापक आणि शिकवणारे पीएचडी विद्यार्थी यांची एक, अर्धवेळवाल्यांची दुसरी, वैद्यकीय शाखेची तिसरी. पाच दिवसांत तोडगा निघाला. पूर्णवेळवाल्यांना करारात किमान १४ टक्के वाढ मिळाली, अर्धवेळवाल्यांना जवळपास ४४. ज्याला कमी, त्याला जास्त. माझी मुलगी तिथेच शिकत होती. चिडली, पण दोन दिवस फलक घेऊन उभीही राहिली.

वऱ्हाडी_मास्तर

जर्सीकर, तिथे मागणी मान्य झाली की करार होतो. इथे आश्वासन मिळतं, मग त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आंदोलन. तुलना जपून करा.

पण ते १४ आणि ४४ वाचून थोडा वेळ गप्प बसलो, हे कबूल करतो. मी अकरा वर्षं शाखेच्या कार्यकारिणीत होतो. सीएचबीवाल्यांसाठी ठराव खूप केले. पण मांडीला मांडी लावून बैठकीत बसलेला सीएचबीवाला मला एकही आठवत नाही. आम्ही बोलावलं नाही आणि ते आले नाहीत. दोन्ही खरं असेल.

तासिकावाला

सर, बैठक रविवारी सकाळी असायची. रविवारी मी क्लासवर शिकवतो. घरभाडं त्यातूनच जातं.

वऱ्हाडी_मास्तर

मग संध्याकाळी घेऊ म्हणतो. मी आता फक्त सल्लागार आहे, पण अध्यक्ष माझा विद्यार्थी आहे, माझा फोन उचलतो. तुम्ही किती जण याल?

तासिकावाला

आमच्या कॉलेजातले सात. वर्गणी किती आहे, ते आधी सांगा.