नाताळच्या सुट्टीत नवेगाव बांधला काय बघायचं? (परिवार ग्रुपवरून)

नागपूरची वहिनी: नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन दोन दिवस गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधला येतोय. तलावावर कुठं उभं राहायचं, काय काय दिसेल, जाणकारांनी जरा सविस्तर लिहा. दुर्बीण एकच आहे, ८×४२.

काकाजी: आधी तलावाचा उतार समजून घे. आपल्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातले) तलाव, सगळे एकाच रीतीचे. एका अंगाला मातीची पाळ, तिथं पाणी सर्वांत खोल. समोर, जिकडून रानाचं पाणी उतरतं, तिकडे उथळ. नवेगावला डोंगरांमधल्या खिंडी पाळींनी अडवल्यात, पण हिशेब तोच. रस्ता पाळीवर येतो म्हणून माणसं तिथंच उभी राहतात आणि पक्षी नाहीत म्हणत परततात. पाळीसमोर बुडी मारणारे तेवढे दिसतात: पाणकावळा, टिबुकली, लालसरी. बाकी सगळी वर्दळ समोरच्या उथळ काठाला, जिथं गवत आणि वेली आहेत तिथं. कोणत्या वनस्पतीत कोणता पक्षी, एवढं कळलं की अर्धं काम झालं.

मामाजी: अगदी बरोबर जी. काठापासून आत पट्टे लागतात. आधी ओला चिखल आणि आखूड गवत, तिथं टिटवी, धोबी, तुतवार. मग गुडघाभर पाण्यात देवधान आणि पाणकणीस. देवधान म्हणजे रानटी भात. त्याला लांब कुसळं असतात आणि दाणा पिकला की आपोआप झडतो, म्हणून बदकं त्या पट्ट्यात चरतात. त्याच्या आत कमळ, पोयन (कुमुद), शिंगाडा. आणखी खोलात पाण्याखालचं शेवाळ.

नागपूरची वहिनी: कमळ आणि पोयन वेगळं कसं ओळखायचं? हिवाळ्यात फुलं कमीच असतील ना.

आत्या: पानावरून ओळख. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मधोमध, आणि बरीच पानं पाण्याच्या वर उभी असतात. थेंब टाकला तर मोत्यासारखा घरंगळतो. पोयनाचं पान पाण्यावर पसरलेलं आणि देठापर्यंत एक चीर गेलेली. शिंगाड्याची पानं बारीक, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची, चक्रासारखी मांडलेली. त्यांचे देठ फुगीर असतात, त्या हवेमुळेच ती तरंगतात. एक विनंती, शिंगाडा तोडायचा नाही. अशा तलावातला शिंगाडा बहुतेक मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांनी लावलेला असतो, ते त्यांचं पीक आहे.

काकाजी: याच पानांवर कमळपक्षी चालतात. बोटं फार लांब, वजन पसरतं, म्हणून पान बुडत नाही. दोन जाती आहेत. कांस्यपंखी कमळपक्षी: डोकं-मान काळी, पाठ तांबूस-हिरवट चकचकीत, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई. दुसरा लांब शेपटीचा. इथंच नवखे फसतात. पुस्तकातलं चित्र पावसाळ्यातलं, विणीच्या काळातलं असतं. डिसेंबरात ती लांब शेपटी नसतेच. पक्षी तपकिरी, पोट पांढरं, मानेच्या बाजूला फिकट पिवळा पट्टा आणि छातीवर काळी माळ. उडाला की पंख पांढरेशुभ्र दिसतात, तीच पक्की खूण.

दादा: बदकांचं पण लिहा काकाजी, मुलं आधी तेच विचारतील.

काकाजी: चार-पाच पक्की ओळखली तरी पुष्कळ. हळदीकुंकू बदक बारमाही: काळ्या चोचीचं टोक पिवळं, चोचीच्या बुडाशी दोन लाल ठिपके. अडई तांबूस, लांब मानेची, उडताना शीळ घालते, थव्यानं असते. काणूक सर्वांत लहान, नर बराच पांढरा, कमळ-पोयनांच्या पट्ट्यात शोध. थापट्याची चोच पळीसारखी रुंद, पाणी गाळत चालतो. तलवार बदकाच्या नराची शेपटी टोकदार. थापट्या आणि तलवार हे पाहुणे, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि मार्चपर्यंत जातात. काळा, पांढऱ्या चोचीचा दिसला तर तो वारकरी. तो बदक नव्हेच, पाणकोंबडीच्या कुळातला.

आणि हे मुलांना नक्की सांग: विखुरलेले वारकरी एकदम गोळा होऊन पाणी उडवत धावले की लगेच आभाळात बघायचं. बहुधा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून फिरत असतो. एकटा पडलेला वारकरी त्याला सोपा सापडतो, म्हणून ते गर्दी करतात.

मामाजी: मुग्धबलाक राहिला. करकोचाच, पण चोच मिटली तरी मधे फट राहते. घोंगे, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायी, हे त्याचं मुख्य खाणं. शंख न फोडता झाकण सैल करून आतला जीव ओढून काढतो. काठावर रिकामे, न फुटलेले शंख पडलेले दिसले की आजूबाजूला मुग्धबलाक असण्याची शक्यता आहे.

नागपूरची वहिनी: आणि सारस?

काकाजी: सारसाची आशा नवेगावच्या जंगलातल्या तलावावर ठेवू नका. महाराष्ट्रातला सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरलाय, आणि त्याला मोकळी धानशेती आणि उथळ तलाव लागतात. परसवाडा, झिलमिली हा पट्टा त्याचा. उभा राहिला की पावणेसहा-सहा फुटांचा, अंग राखाडी, डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल. उडताना मान सरळ ताणलेली. बगळा मान दुमडून उडतो, एवढ्यावरून लांबूनही फरक कळतो. गेलात तर अंतर ठेवा. चरणं थांबवून मान उंच केली की आपण जास्त जवळ आलो, तिथंच थांबायचं. चालायला लागला तर मागे फिरायचं. आपल्या जिल्ह्यातला हा ठेवा आहे, एका फोटोसाठी त्याला उडवू नये. विजेच्या तारा आणि शेतातली औषधं आधीच त्याच्या जिवावर उठलीत.

दादा: दुर्बिणीबद्दल. बहुतेक लोक ती नीट लावत नाहीत. उजवी काच हातानं झाका, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. मग डावी झाका आणि उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तेच चित्र स्पष्ट करा. कडी तिथंच राहू द्या, पुढं फक्त मधलं चाक. मुलांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं, दोन्ही नळ्या जवळ आणल्या नाहीत तर त्यांना काळे डाग दिसतात आणि ती कंटाळतात. सकाळी पूर्वेच्या काठावरून पश्चिमेला बघा, संध्याकाळी उलट. ऊन पाठीवर हवं, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतील.

आत्या: झाडांतही एक जोडी दाखव. येन (ऐन) आणि अर्जुन, दोघंही एकाच कुळातले. येनाची साल मगरीच्या पाठीसारखी काळपट, चौकोनी भेगांची. अर्जुनाची गुळगुळीत, पांढुरकी, सोलपटं निघणारी, आणि तो पाण्याच्या कडेला असतो. खाली पडलेल्या फळाला पाच पंख दिसतील. बाभळीवर सुगरणीचे खोपे लटकलेले असतील, पण डिसेंबरात रिकामे. तोडून घरी न्यायचे नाहीत.

मामाजी: बेशरम आणि जलकुंभी ही तणंही दाखवा, म्हणजे तलाव कशानं बिघडतो ते कळेल. बेशरमचा तुकडा चिखलात पडला की तिथंच रुजतो, गुरं खात नाहीत. काढताना मुळासकट काढून सुकवावी लागते, नुसती कापून काठावर टाकली की पावसाळ्यात पुन्हा तीच. जलकुंभीनं पाणी झाकलं की खाली ऊन पोहोचत नाही, पाण्याखालचं शेवाळ मरतं, आणि माशांची अंडी ठेवायची जागाच जाते.

दादा: बोरीच्या झुडपांकडे पहाटे आणि अंधार पडताना जाऊ नका. हिवाळ्यात अस्वल बोरं खायला येतं. मुलांना पुढं पळू देऊ नका, आणि पाळीच्या झाडीतून चालताना बोलत चाला. तलावाकाठी पाणदिवड दिसेल, विषारी नाही, पण हात लावायचा नाही.

नागपूरची वहिनी: मग पहिल्या सकाळी उथळ काठ, संध्याकाळी पाळ. बिस्किटं-कुरमुरे टाकू का बदकांना? मुलं मागतील.

काकाजी: नको. ती खायला शिकली की माणसाजवळ येतात, आणि उरलेलं पाण्यात कुजतं. त्याऐवजी वही द्या. चोच, पाय, उडताना पंखाचा रंग, या तीनच गोष्टी लिहायला सांगा आणि रात्री ग्रुपवर टाका. ओळखून देतो.