ड्रेफस, पिकार आणि नाकारलेली बढती

जर्मनीसाठी हेरगिरी केल्याच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या ड्रेफस या फ्रेंच ज्यू अधिकाऱ्यावर सिनेमा आणि हिरो मात्र फ्रेंच लष्कराच्या गुप्तहेर विभागाचा प्रमुख पिकार, ही तुमची तक्रार अगदीच चुकीची नाही. पण पोलान्स्कीच्या २०१९ च्या 'जाक्यूज' या सिनेमाची खरी गंमत मला तिथेच वाटली. पिकारला स्वतःलाच ज्यू आवडत नाहीत आणि तो ते ड्रेफसला तोंडावर सांगतो. तरी ज्या चिठ्ठीवरून ड्रेफसवर आरोप झाला तिचं अक्षर एस्तेराझी या दुसऱ्याच अधिकाऱ्याचं आहे हे कळल्यावर त्याला गप्प बसवत नाही. वरिष्ठांनी मग त्यालाच ट्युनिशियात पिटाळला.

खटल्यात हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून बोलावलेल्या बर्तियोंचं प्रकरण मात्र कोणी पटकथेत घुसडलं असतं तर आपण हसलो असतो. जर्मन वकिलातीच्या कचरापेटीतून आलेल्या त्या चिठ्ठीचं अक्षर ड्रेफसच्या अक्षराशी नीट जुळेना. तर या गृहस्थाने काय सांगावं, की ड्रेफसने मुद्दामच स्वतःच्या अक्षराची नक्कल केली! म्हणजे जुळलं तरी दोषी, नाही जुळलं तरी दोषी. त्यात भर म्हणून न्यायाधीशांना एक गुप्त फाइल दिली गेली, जी बचावपक्षाला दाखवलीच नाही. ज्यू अधिकारी म्हटल्यावर एवढा पुरावा पुरला.

लेखक झोलाने १८९८ मध्ये ड्रेफसच्या बाजूने लिहिलेल्या जाहीर पत्रानंतर सगळं सुरळीत झालं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. छे! १८९९ मध्ये रेन शहरातल्या लष्करी कोर्टाने ड्रेफसला पुन्हा दोषी ठरवलं, वर 'गुन्हा सौम्य करणारी परिस्थिती' म्हणून शिक्षा दहा वर्षं. मग राष्ट्राध्यक्षांची माफी, आणि शिक्षा रद्द व्हायला १९०६ उजाडलं.

शेवटचा प्रसंग तेवढा पुन्हा बघा. तुरुंगातली वर्षं धरून बढती द्या, असं ड्रेफस मागतो आणि आता युद्धमंत्री झालेला पिकार नाही म्हणतो.