वरळीचं नेहरू सायन्स सेंटर, मुलाला घेऊन जावं का?

परळकर_बाबा: जन्म मुंबईतला, पण चौथीच्या सहलीनंतर तिकडे फिरकलोच नाही. आता पोरगा ९ वर्षांचा आहे, दिवसभर मोबाईल. त्याला आवडेल का, की अर्ध्या तासात 'बाबा घरी चला' चालू होईल?

कोकणी_मावशी: बिनधास्त जा. हात लावू नका वालं म्युझियम नाहीये ते, उलट बटण दाबा, हँडल फिरवा, सगळं करून बघायचं. बाहेरच्या पार्कात दोन मोठ्या वाटीसारख्या डिश समोरासमोर आहेत, माझी भाची एकीपाशी नुसती कुजबुजली 'मावशी वडापाव' आणि मला एवढ्या लांब दुसऱ्या डिशपाशी कानात बोलल्यासारखं स्वच्छ ऐकू आलं!! वाकड्या पृष्ठभागावरून आवाज परतून एकाच बिंदूत गोळा होतो ना, म्हणून. मग काय, अर्धा तास तिथेच.

रिटायर्ड_फिटर: पार्क आधी झालं, १९७९ ला, मुख्य सेंटर १९८५ चं. पोराला मारुत विमान नक्की दाखवा, आपल्या एचएएलने बनवलेलं फायटर, आणि जुनी ट्रामसुद्धा आहे. मी स्वतः वाफेच्या इंजिनापाशीच रेंगाळतो, बायको वैतागते.

परळकर_बाबा: वडापाव 😂 ठरलं, रविवारी. महालक्ष्मीहून चालत जमेल ना?

कोकणी_मावशी: जमेल हो, पण उन्हाच्या आत पार्क उरका, आतलं सगळं दुपारी. टोपी न्या.