फक्त मागचेच टायर बदलू नका

तुम्ही विचारलंय की फोर व्हील ड्राइव्हच्या (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) छोट्या ट्रॅक्टरला आर-१ (उंच पट्ट्यांचे शेतीचे) टायर घ्यावेत की आर-४ (जाड बाजूंचे औद्योगिक). त्यावर एकाने सल्ला दिलाय की आत्ता मागे आर-४ घाला, पुढचे झिजले की बघू. कृपा करून असं करू नका. पुढची आणि मागची चाकं गिअरने एकमेकांशी बांधलेली असतात, आणि त्यांच्या फिरण्याचं प्रमाण टायरच्या घेरावरून ठरवलेलं असतं. एकाच जोडीचा घेर बदलला की कडक जमिनीवर पुढचा ॲक्सल ताणला जातो. मी हे भोगलंय. फोर व्हीलचा दांडा हलेचना. थोडं रिव्हर्स घेतलं तेव्हा खट्‌कन सुटला. पुढच्या टायरची नक्षी तर बघताबघता घासून गेली. म्हणून टायर घ्यायचे तर चारही, किंवा निदान कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोडीतलेच.

राहिला मूळ प्रश्न, आर-१ की आर-४. नांगरट आणि चिखल जास्त असेल तर डोळे झाकून आर-१. त्याच्या उंच तिरक्या पट्ट्यांमधून चिखल आपोआप बाहेर फेकला जातो. आर-४ मध्ये तो भरून बसतो आणि चाक जागेवरच फिरतं. पण तुमचा लोडर (ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेली, माल उचलायची बकेट) रोज चालतो, जमीनही मुरमाड म्हणताय, तर आर-४च घ्या. त्याच्या बाजू जाड असतात, भरलेल्या बकेटचं वजन पुढे आलं तरी टायर दबत नाही. हिरवळीसाठी आर-३, तो तुमच्या कामाचा नाही.

लोडर असेल तर पुढच्या वजनाला तोल म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरा. वॉल्व्ह सगळ्यात वर आणून त्याच्या पातळीपर्यंतच, म्हणजे साधारण ७५ टक्के.