उपकर, अधिभार, पट्टी : नेमका फरक काय?

पगारदार : फॉर्म १६ मध्ये कराच्या रकमेखाली 'आरोग्य व शिक्षण उपकर ४ टक्के' अशी ओळ येते. साहेबांच्या फॉर्ममध्ये तिच्याही वर 'अधिभार' दिसतो. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे का? आणि 'उप' म्हणजे दुय्यम, तर हा दुय्यम कर भरला नाही तर चालतं का? (शेवटचं गमतीने.)

गिरगावकर : एका अर्थाचे नाहीत. उपकर म्हणजे सेस, अधिभार म्हणजे सरचार्ज. मुंबईत 'उपकरप्राप्त इमारत' सगळ्यांना माहीत आहे. १९६९ च्या कायद्याने जुन्या भाडोत्री इमारतींवर दुरुस्तीसाठी सेस बसला आणि त्यासाठी वेगळं दुरुस्ती मंडळ झालं. मंडळाचा माणूस चाळीत कधी उगवतो तो भाग सोडा, पण अर्थ स्वच्छ आहे : अमुक कामासाठी घेतलेला पैसा. अधिभाराला असं काम नेमून दिलेलं नसतं. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की करावर १० टक्के, १ कोटीच्या वर १५ टक्के, असा तो चढतो. मग कर अधिक अधिभार, त्या बेरजेवर तुमचा ४ टक्के उपकर.

जमाखर्च : व्याख्या बरोबर आहे, पण खरी मेख पुढे आहे. केंद्राने गोळा केलेल्या करांत राज्यांचा वाटा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने तो ४१ टक्के ठरवला. मात्र संविधानाच्या अनुच्छेद २७० नुसार उपकर आणि अधिभार या वाटणीत धरतच नाहीत. म्हणजे तुम्ही भरलेल्या रुपयाला 'कर' म्हटलं तर त्यातले काही पैसे मुंबईला, पाटण्याला, चेन्नईला जातात, आणि 'उपकर' म्हटलं तर सगळा रुपया दिल्लीत राहतो. तो परत येतो तेव्हा केंद्राच्या योजनेच्या नावाने आणि केंद्राच्या अटींवर.

पेट्रोलचंच बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये लिटरमागे केंद्राचं शुल्क ३२ रुपये ९० पैसे होतं. त्यात मूळ उत्पादन शुल्क अवघं १ रुपया ४० पैसे. बाकी ११ रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, १८ रुपये रस्ते व पायाभूत सुविधांसाठी आणि अडीच रुपये कृषी पायाभूत सुविधांचा उपकर. वाटणी फक्त त्या १ रुपया ४० पैशांची, म्हणजे देशातल्या सगळ्या राज्यांना मिळून लिटरमागे सत्तावन्न-अठ्ठावन्न पैसे! पंपावर शिव्या मात्र राज्यालाही पडतात. (राज्याचा व्हॅट काही कमी नव्हता, हेही खरं.)

बरं, उपकर त्या-त्या कामालाच लागतो का? २०१८-१९ मध्ये ३५ उपकरांतून सुमारे २ लाख ७४ हजार कोटी आले आणि त्यातले १ लाख ६४ हजार कोटीच राखीव निधींत वळते झाले, असं खुद्द कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, नोंदवलं. उरलेल्याला उपकर म्हणायचं कशाच्या जोरावर?

मोडीवाचक : आपल्याकडे ही वाटणी जुनी आहे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी मोगल बादशहाकडून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. चौथाईत शेकडा २५ राजबाबती छत्रपतींची, साहोत्रा म्हणजे शेकडा ६ पंतसचिव या प्रधानाकडे, नाडगौंडा शेकडा ३, आणि राहिलेला मोकासा सरदारांचा. सरदेशमुखी, महसुलाच्या शेकडा १०, मात्र छत्रपतींचं वतन, म्हणून तिची अशी फोड नाही. आजच्या उपकराचं नातं लावायचंच तर सरदेशमुखीशी लागेल. 'पट्टी' हा ढोबळ शब्द. घरपट्टी, पाणीपट्टी आज चालतात. सरकारला कर्ज झालं की कर्जपट्टी बसवत, ती अस्सल उपकराच्या जातीची.

पगारदार : म्हणजे मी इतकी वर्षं शिक्षणासाठी देतोय असं समजत होतो, ते...

जमाखर्च : शिक्षण उपकर २००४ मध्ये २ टक्के होता, २००७ मध्ये आणखी १ टक्का, २०१८ पासून आरोग्य धरून ४. आलेला उपकर क्वचितच जातो. माझं म्हणणं एवढंच : उपकराला मुदत हवी. ती संपली की एकतर तो बंद व्हावा, नाहीतर मूळ करात मिळवून त्याची वाटणी व्हावी. केंद्राला पैसा लागतो हे मान्य. संरक्षण, रेल्वे त्यांच्याकडेच आहे. पण आयोगाने ठरवलेला वाटा शीर्षक बदलून कमी करणं ही सुधारणा नव्हे.

गिरगावकर : राज्यंही काही धुतल्या तांदळाची नाहीत. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला तो रोजगार हमीसाठी. आज पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, त्याचा हमीशी संबंध किती जणांना माहीत आहे?

जमाखर्च : मान्य. मुदतीचा नियम राज्यांनाही लावा.

मोडीवाचक : जाता जाता शुद्धलेखन : 'उपकर', 'उपकार' नव्हे. एका नोटिशीत 'उपकार न भरल्यास दंड' असं वाचलं आहे.

पगारदार : मग हिशेबात 'सेस' लिहू की 'उपकर'?

गिरगावकर : मराठी कागदावर उपकर. बोलताना सेस म्हणा, सीएलाही तोच कळतो.